पंकीचा वाफा

पंकजाला डोहाळे लागले ते कुंजराच्या भाजीचे, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. पोरीनं पेढे मागितले असते, आंबट चिंचा मागितल्या असत्या, तर पाथरीच्या बाजारातून आणून दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण डोहाळे काही विचारून लागत नाहीत. आणि आमच्याकडे गरोदर बाईचे डोहाळे राहून गेले तर बाळाचा कान फुटतो असं मानतात. पंकजाच्या आईला, केशरबाईला, यात तिळमात्र शंका नव्हती.

ज्यांना कुंजर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात सोयाबीनच्या ओळींमध्ये आपोआप उगवणारं ते एक तण. तांबूस दांडा, लांबट पानं, वर गुलाबी तुरे. पिकाला घातलेलं खत तेच खातं, ओल तेच पितं, आणि वेळेवर काढलं नाही तर पिकाच्या डोक्यावर जाऊन बसतं. पण कोवळं असताना त्याचे शेंडे खुडावेत, उकडून पिळून घ्यावेत आणि लसणाची फोडणी द्यावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर मग दुसरं काही लागत नाही. एकाच घरात नवऱ्याच्या तोंडी तण आणि बायकोच्या तोंडी भाजी, असं ते झाड.

केशरबाईचा नवरा वैजीनाथ लवकर गेला. रामप्रसाद आणि पंकजा ही दोन लेकरं आणि विहिरीचं काळं रान, एवढं मागं ठेवून गेला. ते रान तिनं खुरप्यावर राखलं. हल्ली शहरातली मंडळी येऊन सांगतात, की पूर्वी कसं हातानं खुरपायचे, कसं सगळं शुद्ध होतं. सांगू द्या. त्यांनी एकदा आषाढात डोक्यावर पोतं घेऊन, चिखलात उकिडवं बसून, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सरकत जावं आणि दुसऱ्या दिवशी उठून दाखवावं. केशरबाईचे गुडघे त्या शुद्धतेतच गेले. खाली बसायचं म्हटलं तरी तिला भिंत धरावी लागायची.

म्हणून रामप्रसादनं पहिल्यांदा पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. पंधरवड्याच्या आत तण पिवळं पडलं, करपलं, आणि सोयाबीन तेवढं हिरवं राहिलं. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून बघत राहिली आणि तिनं त्या रिकाम्या बाटलीला हात जोडले. हसू नका. तुमचे गुडघे धड आहेत म्हणून हसता.

त्यानंतर दरवर्षी तेच औषध, त्याच सुमाराला. खुरप्याला गंज चढला. कुंजराची भाजी घरातून गेली आणि ती गेली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पंकजा पहिल्या बाळंतपणाला झरीहून माहेरी आली तेव्हा ते ध्यानात आलं.

"माय, कुंजर खावं वाटायलंय गं," आल्या आल्या ती म्हणाली. "झरीला समद्या रानात दवा मारतेत. कुठीच दिसत न्हाई."

"हितं बी मारलीय की रामानं. पर बघते मी."

दुसऱ्या दिवशी केशरबाई रानात गेली. फवारणी होऊन बरेच दिवस झाले होते. ओळींमध्ये करपलेल्या काड्या पडल्या होत्या. गुडघ्यांना शिव्या घालत ती ओळीओळीतून फिरली, आणि विहिरीच्या बाजूला, बोरीखाली, तिला कुंजर दिसलं. सुपात मावेल एवढंच. जुनी पानं पिवळी पडलेली, पण शेंड्याला नवी फूट, कोवळी, तांबूस. शेजारचं सगळं तण जळून गेलेलं आणि हे तेवढं उभं. देवानं पंकीसाठी राखून ठेवलं असंच केशरबाईला वाटलं. दुसरं काय वाटणार?

घरी आल्यावर रामप्रसादनं तिच्या ओच्यातली भाजी पाहिली आणि तो तडकला.

"माय, दवा मारलेलं हाय ते! ती पोटुशी हाय, आन् तिला खाऊ घालतीस व्हय?"

"तवापसून किती पाऊस पडून गेला. आन् त्या दवानं हे मेलं न्हाई. ह्याला जी मारू शकली न्हाई ती दवा माह्या लेकीला काय करती?"

रामप्रसादला हे पटलं. मलाही पटलं असतं. ज्याला औषध मारू शकलं नाही असं झाड तिच्या ओच्यात होतं, आणि हे ती स्वतःच्या तोंडानं सांगत होती. पण त्या वेळी घरातल्या कुणालाच त्यात वावगं काही दिसलं नाही.

पंकजानं भाजी खाल्ली. लहानपणी खायची तशी, ताटाला बोट पुसून खाल्ली. आता वाचणाऱ्यांपैकी काहींना वाटत असेल, की बाळाला काहीतरी होणार. काही झालं नाही. दिवाळीच्या तोंडावर पंकजाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, दोन्ही कान शाबूत. बाळाला विष बाधल्याच्या गोष्टी आमच्याकडे हव्या तेवढ्या आहेत, पण ही त्यातली नाही. ही त्या सुपाएवढ्या जागेची गोष्ट आहे.

त्या जागेभोवती केशरबाईनं बोरीचे काटे लावले. रामप्रसादला बजावलं, की इथं कोळपं घालायचं नाही, इथं पंप आणायचा नाही. तो हसला. आईनं जन्मात कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं तर काय, तणाचा वाफा. त्यानं बैल तिथून वळवून घेतले. घरात त्या जागेला "पंकीचा वाफा" असं नावच पडलं. "जरा पंकीच्या वाफ्यातून भाजी आणा," असं सून राजेश्रीसुद्धा म्हणायला लागली.

पावसाळाभर ती भाजी पुरली. खुडावी तशी फुटायची. भादव्यात तिला तुरे आले, आणि बी वाळल्यावर केशरबाईनं ते ओरपून सुपात घेतलं. थोडं तिथंच बोरीखाली आणि विहिरीच्या धुऱ्यानं टाकलं, पुढच्या साली भाजी जास्त व्हावी म्हणून. थोडं फडक्यात बांधून ठेवलं. थंडीत पंकजा लेकरू घेऊन झरीला निघाली तेव्हा केशरबाईनं तिची ओटी भरली. नारळ, गहू, खण, आणि त्यात ती पुरचुंडी.

"परसात टाक," ती म्हणाली. "पोरगी भाकर खायाला लागली की तिला बी लागंल."

पंकजानं पुरचुंडी डोळ्यांना लावली आणि पिशवीत ठेवली. माहेरचं बी होतं ते.

दुसऱ्या वर्षी पंकीचा वाफा खळ्याएवढा झाला. राजेश्रीनं शेजारीपाजारी भाजी वाटली, बायांनी नावाजून खाल्ली. सुगीला हडंबा आला. हडंबा म्हणजे आमच्याकडचं मळणीयंत्र, ट्रॅक्टरला लावून ह्या रानातून त्या रानात फिरणारं. सोयाबीनच्या पेंढ्यांबरोबर वाफ्याकडचं कुंजरही त्यात गेलं. रामप्रसादनं घरच्या बियाण्याचं सोयाबीन नीट चाळून ठेवलं. चाळणीखाली पडलेलं बारीक त्यानं उकिरड्यावर टाकलं, आणि उन्हाळ्यात उकिरडा गाडीत भरून रानभर पसरला. सगळे असंच करतात. त्याच्या बापानंही असंच केलं होतं.

तिसऱ्या वर्षी औषध मारूनही ओळीओळीत कुंजर उभं राहिलं. औषध नकली निघालं असं समजून रामप्रसाद पाथरीच्या दुकानदाराशी भांडला. दुकानदारानं दुसरी बाटली दिली. बाटलीचा रंग वेगळा होता, आतलं औषध तेच. चौथ्या वर्षी रामप्रसादनं दीडपट माप घेतलं आणि दोनदा फवारलं. सोयाबीनची पानं आकसली. कुंजर आठवडाभर मान टाकून बसलं आणि मग पुन्हा सरळ झालं.

तेव्हा तो भुजंगवर घसरला. भुजंग हा त्याचा शेजारी, धुऱ्याला धुरा. दोघांकडं एकेक बैल. दोन्ही मिळून जोडी व्हायची आणि दोन्ही रानांची कोळपणी व्हायची. वैजीनाथच्या वेळेपासून तसं चाललेलं होतं.

"तुह्या धुऱ्यावरनं आलंय हे," रामप्रसाद चारचौघांत म्हणाला. "तू धुरा साफ करत न्हाईस आन् माह्या रानाचं वाटोळं व्हायलंय."

भुजंगचा धुरा त्याच्या अंगणापेक्षा स्वच्छ होता. त्याला हे जिव्हारी लागलं. त्यानं दावणीवरून आपला बैल सोडून नेला. जोडी मोडली, आणि जोडीबरोबर कोळपणीही. केशरबाई मध्ये पडली नाही. तिलाही वाटत होतं, की भुजंगच्याच धुऱ्यावरून आलं असेल. पंकीचा वाफा तर आपला होता, हातानं राखलेला. त्यातून वाईट कसं येईल?

आणि मग यंदाचा पावसाळा. पेरणी झाली तशी झड लागली. रान सुकून वाफसा म्हणून कसा तो झाला नाही. सोयाबीन दोन पानांवर असतानाच कुंजर त्याच्या वर गेलं. रामप्रसादनं उघडीप मिळेल तसं फवारलं, पुन्हा फवारलं. एके दिवशी जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "माय, ह्या साली रान हाती आलं तर आलं. न्हाई तर आमी चाकणला जातुत. राजेश्रीचा भाऊ कंपनीत लावून देतो म्हणायलाय."

"आन् घर?"

"घराला काय करायचंय? रानच न्हाई तर घर कशाला?"

केशरबाईनं हातातली भाकर ताटात ठेवली. आयुष्यभर तिनं ज्या एका गोष्टीसाठी गुडघे झिजवले होते ती हीच होती, की आपल्या लेकराला ह्या रानातून उठून दुसऱ्याच्या दारात जावं लागू नये. आणि आता ते तणावर येऊन ठेपलं होतं.

त्याच आठवड्यात कृषी सहायक बुद्धभूषण रानाकडं आला. तरणा पोरगा, गाडी फाट्यावर लावून चिखलातून चालत आलेला. त्यानं एक कुंजर मुळासकट उपटलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"रामप्रसादभाऊ, औषध मारल्यावर हे पहिल्यांदा कुठं जिवंत राहिलं होतं? आठवतंय का?"

"काय की सायब. भुजंगकडून आलं."

"त्यांच्या रानात तर नाही एवढं." बुद्धभूषण धुऱ्याकडं बघत म्हणाला. "दरसाल एकच औषध मारलं की असं होतं बघा. लाखात एखादं झाड निघतं, ज्याला ते औषध लागतच नाही. ते एक उपटून टाकलं असतं तर विषय संपला असता. त्याचं बी पडू दिलं, की दुसऱ्या साली त्याचीच लेकरं. मरणारी मरून गेली, न मरणारी तेवढी राहिली. आता हे औषध म्हणजे नुसतं पाणी मारायलात तुम्ही."

केशरबाई आखाड्यावरच्या, रानातल्या खोपीच्या, चुलीपाशी त्याच्यासाठी चहा गाळत होती. गाळलेल्या चहात तिनं पुन्हा साखर घातली.

"मग आता?" रामप्रसादनं विचारलं.

"आता हातच. फुलायच्या आत उपटायचं आणि रानाबाहेर नेऊन जाळायचं. पुढच्या साली पीक बदला, औषध बदला. पण फुलून बी गळायला लागलं ना, तर मग काही खरं नाही. किती वर्षं ते मातीत राहील, सांगता येत नाही." त्यानं चहा घेतला. "मावशी, साखर जरा जास्त झाली बरं का," असं म्हणून हसला आणि गेला.

केशरबाई हसली नाही. बोरीखालचे काटे केव्हाच कुजून गेले होते. वाफा कुठं संपतो आणि रान कुठं सुरू होतं हे आता ओळखू येत नव्हतं. आपल्या पोरानं बोरीकडं बघितलं की नाही हे तिला कळलं नाही, कारण तिची मान वर झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खुरपं दगडावर घासलं आणि ती रानात जाऊन बसली. उकिडवं बसता येईना, म्हणून पोतं अंथरून त्यावर मांडी घातली आणि ढुंगणावर सरकत निघाली. राजेश्रीही आली. गावात बाया बघितल्या. पूर्वी खुरपणीची टोळी होती गावात, पण औषध आल्यावर ती मोडली. त्यातल्या तरण्या बाया कधीच दुसऱ्या कामाला लागल्या आणि म्हाताऱ्यांचे गुडघे केशरबाईसारखेच. सासूसुना दोघीच उपटत राहिल्या. एक पट्टा साफ करून मागं वळून बघावं तर ओल्या मातीत तुटलेल्या बुडख्याला पुन्हा फूट. पाऊस थांबत नव्हता. राजेश्रीला ताप भरला आणि तिनं अंथरूण धरलं. केशरबाई एकटी बसत राहिली.

ती रानाच्या मध्यावरही पोचली नव्हती, तेव्हा पुढच्या कुंजराला तुरे आले. आधी बोरीकडं, मग सगळीकडं. रान गुलाबी झालं. रस्त्यानं जाणाऱ्या एका जीपवाल्यानं गाडी थांबवून फोटो काढला. केशरबाईच्या तोंडून त्याला अशी शिवी गेली, की ती इथं लिहिता येत नाही.

त्या दिवशी दुपारी रामप्रसाद तिला घ्यायला आला. ती चिखलात बसलेली, हात हिरवे झालेले, एका बोटाला रक्त.

"रामा," ती खुरपं खाली न ठेवता म्हणाली. "भुजंगचं काय बी न्हाई ह्यात. म्या ठेवलं व्हतं. बोरीखालचं. म्याच काटे लावले, म्याच बी टाकलं."

"ठाव हाय."

"कवापसून?"

"सायब बोलले तवाच कळलं."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"काय बोलू? तुला बोलून ते मरतंय का?" तो तिच्या शेजारी खाली बसला. दोघांनी मिळून ओळीच्या शेवटापर्यंत उपटलं. मग त्यानं तिच्या हातातून खुरपं काढून घेतलं. "ऊठ माय. बास झालं. सोयाबीन खाली राह्यलंच न्हाई. कशाला राखायलीस?"

त्यानं शिव्या घातल्या असत्या, खुरपं फेकून मारलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. तिनं मूठभर का होईना सोयाबीन सापडतं का म्हणून कुंजर बाजूला सारून बघितलं. पिवळी काडी होती, शेंग नव्हती. तेव्हा ती रडली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता, वैजीनाथ गेला तेव्हा रडली होती तशी.

तिच्या मनात अजून एक होतं. ती संध्याकाळच्या आत भुजंगच्या दारात गेली.

"भुजंगा, तुह्यावर आळ आला तो खोटा व्हता. माह्या हातचं हाय समदं. रामाला माफ कर आन् बैल घेऊन ये. पाऊस उघडला की कोळपं धरा दोघं. थोडं तरी रान मोकळं हुईल."

भुजंगनं तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. तो वाईट माणूस नव्हता.

"काकू, मी तर आज आलो असतो," तो म्हणाला. "पर जोडी कुणासंगं लावू? रामानं त्याचा बैल सकाळीच बाजाराला नेलाय. तुमाला सांगितलं न्हाई का?"

पोळा तोंडावर असताना बैल विकणारा रामप्रसाद आमच्या गावात पहिलाच. पोळ्याच्या दिवशी राजेश्रीनं पुरणपोळी केली आणि ती रिकाम्या खुंट्यापुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी रामप्रसादनं भाड्याचा ट्रॅक्टर आणून रानात रोटा मारला. सोयाबीन, कुंजर, तुरे, बी, सगळं मातीत एक झालं. बुद्धभूषणनं काय सांगितलं होतं हे त्याला माहीत होतं. पण ज्याला ते रान पुन्हा करायचंच नाही त्यानं कशाला जपावं? रान बटईनं, वाट्यानं कसायला, द्यायचं म्हणून तो दोघातिघांकडं गेला. कुंजराचं रान म्हटल्यावर कुणी हात पुढं केला नाही.

"चल माय आमच्यासंगं," जाताना तो म्हणाला.

"महालक्ष्म्या कोण बसवंल?" ती म्हणाली. हे कारण खरंच होतं. महालक्ष्म्यांची परंपरा मोडता येत नाही. पण तेवढंच कारण नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. राजेश्री पाया पडली. जीप फाट्याकडं गेली. आवाज येईनासा झाला तरी केशरबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

यंदा तिनं महालक्ष्म्या एकटीनं बसवल्या. मुखवटे एकटीनं चढवले, लुगडी एकटीनं नेसवली. आमच्याकडे महालक्ष्मीच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. तिनं शेजारून मागून, परसातून खुडून पंधरा जमवल्या. सोळावी मिळेना. रोटा मारलेल्या रानातून कुंजर पुन्हा वर आलं होतं, कोवळं, तांबूस, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. गावजेवण उठलं असतं एवढी भाजी. ती विहिरीपर्यंत गेली, बघितलं, आणि हात न लावता परत आली. देवीपुढं पंधराच भाज्यांचं ताट ठेवून तिनं माफी मागितली.

महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्याच दिवशी पंकजा आली. आई एकटी पडली म्हणून, सासरचा सण आटोपून, झरीहून परभणी आणि परभणीहून पाथरी अशा बसा बदलत, कडेवर पोरगी घेऊन आली. पोरगी आता चुरूचुरू बोलत होती. तिला बघून केशरबाईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. रामा गेला, रान गेलं. पण ही एक लेक तरी तिच्या घरी सुखात आहे, दाणापाणी आहे, भरलं घर आहे, असं तिच्या मनात आलं. त्या विचारावर ती जरा टेकली.

"माय, तुह्यासाठी काय आणलंय बघ," पंकजा म्हणाली आणि तिनं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी काढली. "वळख."

केशरबाईनं फडकं सोडलं. आत कुंजर होतं.

"तूच दिलेलं बी! परसात टाकलं व्हतं ना म्या. तुही नात भाकरीसंगं दुसरं काय मागतच न्हाई बघ. कान फुटला न्हाई, पर डोहाळे तिलाच लागलेत." पंकजा हसत होती.

"परसातच हाय ना गं?" केशरबाईनं विचारलं. "पंके, परसातच हाय ना?"

"आता कशाचं परसात! परसातला केरकचरा उकिरड्यात, आन् उकिरडा रानात. ह्या साली तर रानातच आलंय. माह्या मामंजीला नवल वाटायलंय. दोनदा दवा मारली, तरी मरंना गेलंय. म्या म्हणलं, मामा, माह्या मायच्या हातचं हाय ते, असं मरतंय व्हय!"

नात जुडीतले शेंडे ओढत होती. केशरबाईनं तिच्या हातून एक काडी घेतली आणि डोळ्यांजवळ धरली. शेंड्याला तुरा होता. तिनं तो बोटांत चुरला. तळहातावर बारीक, कडक बी आलं.

"समद्या झाडांना आलंय का असं?"

"आलं की. कवाच. आता तर गळायलंय. तुला बी पायजे का? पुढच्या बारीला आणते बांधून."

तळहातावरचं बी केशरबाईनं चुलीत टाकलं. मग उठली, भिंत धरत कोपऱ्यात गेली, आणि रामप्रसादनं आढ्याला खोचून ठेवलेलं खुरपं काढलं. पुन्हा गंज धरायला लागला होता.

"झरीला जायला सकाळी पयली बस कितीला हाय?"

"तू येतीस?" पंकजाचे डोळे भरून आले. "खरंच येतीस माय? म्या तर कितीदा म्हणलं, एकटी नगं राहू म्हणून. किती दिवस राह्यशील?"

केशरबाईनं खुरपं जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पिशवीच्या तळाला ठेवलं.

"तुमचं रान बघून सांगते," ती म्हणाली. पंकजा तोवर भाजी निवडायला बसली होती.